हलक्या पानांचा डाव

गेल्या दिवाळीत आमचा भाचा बंगळूरहून केशवापूरला चार दिवस राहावयास आला होता. लक्ष्मीपूजन आटोपल्यावर गच्चीवर सतरंजी पसरून पत्ते खेळण्याची आमच्या घरची जुनी रीत आहे. एरवी मेंढीकोट किंवा रमी. पण भाच्याने या वेळी पोकर शिकविण्याचा हट्ट धरला. पैशाचा खेळ आमच्या घरात पूर्वीही नव्हता व आजही नाही. म्हणून प्रत्येकाला पन्नास-पन्नास चिंचोके वाटून दिले आणि सहा जणांचा सामना सुरू झाला. नियम एवढाच, की ज्याचे चिंचोके संपतील त्याने उठावे. शेवटी जो एकटा उरेल तो विजयी.

त्या रात्री आमच्या हाती एकही धड पान लागले नाही. सत्ती-दुर्री, नव्वी-तिर्री, तेही निरनिराळ्या रंगांचे. दहा-बारा डाव आम्ही निमूटपणे पाने मिटून खाली ठेवली. मग मात्र संयम सुटला. 'किती वेळ नुसते बघत बसायचे?' असे म्हणून एका फालतू पानावर उरलेसुरले सगळे चिंचोके पुढे सारले आणि सर्वांत आधी उठलो. आमच्या वहिनींनाही पाने काही विशेष येत नव्हती. त्या मात्र शांतपणे पाने मिटीत राहिल्या. मध्येच एखाद्या डावात, समोरचे सर्व कचरत आहेत असे पाहून, ठाम चेहऱ्याने चिंचोके मांडीत आणि न लढताच डाव घेऊन जात. रात्री बारा वाजता सतरंजीवर दोघेच उरले होते, भाचा आणि वहिनी.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना भाच्याने आमच्या चुकीचे विवेचन केले. त्याचे म्हणणे असे, की अशा सामन्यात प्रत्येक डाव जिंकावयाचा नसतो, टिकून राहावयाचे असते. हलकी पाने आली तर ती टाकून देण्यात कमीपणा नाही. मात्र नुसती टाकीत बसले तरीही माणूस संपतो, कारण दर फेरीला काही चिंचोके सक्तीने मांडावे लागतात आणि ती सक्तीची मांडणी वेळोवेळी वाढत जाते. म्हणून अधूनमधून, आपली जागा अनुकूल असेल आणि समोरचा गाफील असेल तेव्हा, हलक्या पानांवरही धाडस करावे लागते. ते केव्हा करावयाचे, हे आपल्या रागाने ठरवावयाचे नसते. समोरच्याची स्थिती पाहून ठरवावयाचे असते.

हे ऐकत असताना आमच्या मनात पोकर नव्हते, इसवी सन १६८९ होते. त्या वर्षी एका एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या हाती मराठी राज्याचा जो डाव आला, त्याहून हलकी पाने क्वचितच कोणाला आली असतील. त्याने तो डाव कसा खेळला, आणि त्या खेळाचा एक भाग आपल्या हुबळी-धारवाडच्या उंबरठ्यावरून कसा गेला, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

*

प्रथम पानांविषयी थोडेसे. वाईट पाने येऊ लागली, की माणसाला वाटते, आपल्यावर दैवाचा काही खास रोष आहे. गणित वेगळे सांगते. बावन्न पानांतून पाच पानांचे एकूण २५,९८,९६० निरनिराळे हात होतात आणि त्यांतील निम्म्याहून किंचित जास्त हातांत साधी एक जोडीही नसते. दोन पानांच्या पोकरमध्ये आरंभीच जोडी मिळण्याचा संभव सतरांत एक. सलग पन्नास डाव एकही जोडी न येता जावेत, असे शंभरांतील सुमारे पाच बैठकींत घडणारच. म्हणजे हलकी पाने हा अपवाद नसून खेळाचा नित्यक्रम आहे. भारी पान हाच अपवाद होय.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे नाही. सावंतवाडीच्या राजवाड्याने जतन केलेली दशावतारी गंजिफा आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल: गोल, लाखेने रंगविलेली १२० पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिच्यात एक विलक्षण नियम आहे. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या निम्म्या रंगांत हे सगळे उलटे, एक्का मोठा आणि दश्शी हलकी. तेच पान एका रंगात कवडीमोलाचे तर दुसऱ्या रंगात राजा-प्रधानांच्या पाठोपाठचे. पानाचा भारीपणा नुसत्या अंकात नसतो, ते कोठे पडते यावर ठरतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीला खेळता खेळता कळत असे.

आणि हलक्या पानांनिशी कसे खेळू नये याचा धडा तर महाभारतानेच घालून दिला आहे. हस्तिनापूरच्या सभेत युधिष्ठिराचे फासे एकदाही सरळ पडले नाहीत. प्रतिपक्षी कपटी होता हे खरे. पण प्रत्येक हारीनंतर धर्मराजाने अधिक मोठा पण लावला, हेही तितकेच खरे. धन गेले, राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला, अखेर द्रौपदी. आसनावरून उठण्याचे एक सामर्थ्य त्याच्या हाती होते, तेवढे त्याने वापरले नाही.

*

आता १६८९ च्या पटाकडे वळू. औरंगजेब १६८१ पासून दक्षिणेत तळ देऊन बसला होता. १६८६ साली विजापूर पडले, १६८७ साली गोवळकोंडा पडला. दोन शाह्या गिळून मोकळे झालेले मोगल सैन्य, दोन्हीकडचा खजिना आणि तोफखाना आता एकट्या मराठी राज्यावर चालून आला. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले. ११ मार्च रोजी त्यांची क्रूर हत्या झाली. फेब्रुवारीतच रायगडावर राजाराम महाराजांचे मंचकारोहण झाले होते. २४ फेब्रुवारी १६७० चा त्यांचा जन्म. वय एकोणीस, राज्यकारभाराचा अनुभव नाही, प्रकृती नाजूक. मार्चअखेर इतिकादखानाने, म्हणजेच पुढे झुल्फिकारखान म्हणून प्रसिद्धीस आलेल्या सरदाराने, रायगडाला वेढा घातला.

येथे पहिला निर्णय घ्यावा लागला, आणि तो येसूबाईंच्या विचाराने झाला असे आपला इतिहास सांगतो. सर्वांनी रायगडावर राहून लढावे, की राजाने बाहेर पडावे? रायगड ही राजधानी. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक तेथे झाला, त्यांची समाधी तेथे. ती सोडून जाणे म्हणजे लौकिकाच्या दृष्टीने सर्वांत भारी पान टाकून देणे. पण तेथे अडकून पडणे म्हणजे एका डावावर सर्व काही लावणे. ५ एप्रिल १६८९ रोजी राजाराम महाराज गडाबाहेर पडले. प्रतापगडमार्गे ते पन्हाळ्यास गेले. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहूंची सुटका १७०७ साली झाली, येसूबाईंना तर आणखी बारा वर्षे, १७१९ पर्यंत, थांबावे लागले. पान टाकणे फुकट नसते, त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती येथे येसूबाईंनी मोजली.

पन्हाळाही वेढला गेला. तेव्हा २६ सप्टेंबर १६८९ रोजी महाराजांनी निवडक माणसांसह पन्हाळा सोडला. प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ, रूपाजी भोसले ही त्यांतील काही नावे. लिंगायत वाण्यांच्या वेशात हा मेळा निघाला, असे परंपरा सांगते. केशव पंडितांच्या 'राजारामचरितम्' या संस्कृत काव्यात या प्रवासाचे वर्णन आहे. वाट कोणती? गोकाक, सौंदत्ती, नवलगुंद, अण्णिगेरी, लक्ष्मेश्वर, हावेरी, हिरेकेरूर, शिमोगा.

ही नावे वाचली आणि आम्ही पुस्तक खाली ठेवले. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनास आपण जातो. अण्णिगेरी आपल्या हुबळीहून गदगकडे जाताना लागते. नवलगुंदच्या काळ्या रानातून आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत असताना कित्येक वर्षे जीपगाडीने फिरलो. पीकपाणी पाहिले, दुष्काळी कामांची मोजमापे घेतली, अण्णिगेरीच्या अमृतेश्वराच्या देवळात उन्हाच्या वेळी सावलीला बसलो. याच वाटेने शिवछत्रपतींचा मुलगा वेश पालटून, रात्रीच्या अंधारात, आपले नाव लपवून गेला होता, याची आम्हाला तेव्हा गंधवार्ताही नव्हती.

याच हुबळीने मराठ्यांचा भरभराटीचा डावही पाहिला होता, आणि तो सुखाचा नव्हता. १६७३ साली शिवछत्रपतींच्या फौजेने हुबळीची पेठ लुटली. तीत इंग्रजांची वखारही सापडली आणि तिच्या भरपाईचे रडगाणे इंग्रज वकील पुढे कित्येक वर्षे गात राहिले. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी त्याच राजाचा पुत्र त्याच मुलखातून एखाद्या गरीब वाण्यासारखा जात होता.

पुढे तुंगभद्रेच्या काठी मोगलांनी त्यांना गाठले. काही माणसे पकडली गेली, महाराज निसटले. केळदीची राणी चेन्नम्मा हिने त्यांना आपल्या राज्यातून सुखरूप वाट दिली. औरंगजेबाच्या रोषाची तिला पूर्ण कल्पना होती आणि त्याची फौज तिच्यावर चालूनही आली. आपण मराठी घराणी या कन्नड भूमीत पिढ्यान्‌पिढ्या नांदतो. या भूमीचे आपल्यावरील ऋण मोजावयास बसलो, तर त्यात चेन्नम्मा राणीचे नाव फार वरच्या ओळीत येईल. ऑक्टोबरअखेर महाराज वेलोरला आणि नोव्हेंबर १६८९ च्या आरंभी जिंजीला पोहोचले.

*

जिंजीच का, असा प्रश्न येतो. जिंजी हा तीन डोंगरांचा अवाढव्य किल्ला १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवछत्रपतींनी घेतला होता व त्याची मजबुती केली होती. संकटाच्या काळी दूरवर एक आसरा असावा, ही त्यांची दूरदृष्टी. गंजिफेच्या भाषेत बोलावयाचे तर रायगडी जे पान हलके ठरले, तेच जिंजीच्या रंगात भारी झाले. महाराज तेथे गेल्याबरोबर मोगलांना आपले सैन्य दोन ठिकाणी वाटावे लागले. एक तळ महाराष्ट्रात, दुसरा शेकडो कोसांवर तामिळ देशात, आणि या दोहोंच्या मध्ये रसदेचा व खजिन्याचा लांबच लांब मार्ग. तो मार्ग आपल्या कर्नाटकातून जात होता.

महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन जवळजवळ राजाचेच अधिकार दिले गेले. शंकराजी नारायण, परशुराम त्र्यंबक ही मंडळी त्यांच्या साहाय्यास. मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. राजा एकीकडे, कारभार दुसरीकडे, फौज तिसरीकडे. औरंगजेबाने विजापुरी आणि गोवळकोंड्यात एकेका वेढ्याने एकेक राज्य संपविले होते. येथे कोणत्या गडाला वेढा घातला म्हणजे राज्य संपेल, हेच त्याला कळेनासे झाले.

जिंजीचा वेढा सप्टेंबर १६९० मध्ये सुरू झाला आणि जवळजवळ आठ वर्षे चालला. त्या काळात संताजी-धनाजींनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी बादशाही तळाशी समोरासमोर मोठी लढाई दिली नाही. तोफखाना, हत्ती, चिलखती घोडदळ, सगळी भारी पाने समोर होती. ती समोर दिसली की मराठे बाजूला होत, पाने मिटीत. पण एखादा सरदार मुख्य तळापासून सुटा पडला, रसदेबरोबर अडकला किंवा गाफील राहिला, की सर्व जोर त्या एका ठिकाणी.

मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ सर्जाखान हा नामांकित सरदार कुटुंबकबिल्यासह हाती लागला आणि जबर दंड भरून सुटला. डिसेंबर १६९२ मध्ये कांचीजवळ अलीमर्दानखान असाच पकडला गेला. त्याच सुमारास धनाजीने जिंजीचा वेढा इतका जर्जर केला, की झुल्फिकारखानाला वांदिवाशपर्यंत मागे हटावे लागले. नोव्हेंबर १६९५ मध्ये आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातील दोड्डेरी येथे कासिमखानाची सुसज्ज फौज संताजीने वाटेत गाठली. खानाचे सामान एक मजल पुढे गेले होते, एवढीच काय ती फट. संताजीने एका तुकडीने सामान लुटले, दुसरीने खानाला रोखले, तिसरी राखून ठेवली. मोगल दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडले गेले. अन्नपाण्याविना हाल झाले. कासिमखान तेथेच मरण पावला व उरलेल्यांनी वीस लाखांचा दंड कबूल करून प्राण वाचविले. पाठोपाठ जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणजवळ हिंमतखान मारला गेला. ही दोन्ही ठिकाणे आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहेत.

या सहा-सात वर्षांत लहानमोठ्या चकमकी असंख्य झाल्या. निर्णायक म्हणाव्यात अशा एवढ्याच. उरलेल्या काळात मराठी फौज काय करीत होती? चालत होती, पसरत होती, टिकत होती. पोवाडे या काळावर होत नाहीत.

*

आता धाडसाच्या पणाविषयी. १६९१ सालची एक सनद इतिहासकारांनी प्रसिद्ध केली आहे. जिंजीहून राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना मोठ्या नेमणुकीचे वचन दिले. त्यात रक्कम टप्प्याटप्प्याने मिळावयाची होती: रायगड प्रांत घेतला म्हणजे इतकी, विजापूर घेतले म्हणजे इतकी, मग भागानगर, मग औरंगाबाद, आणि शेवटची सर्वांत मोठी रक्कम दिल्ली घेतल्यावर. हे वचन देणारा राजा त्या वेळी वेढ्यात होता. ज्या रायगडाचे नाव पहिल्या ओळीत आहे, तो शत्रूकडे होता. खजिन्यात काही नव्हते.

याला कोणी पोकळ वल्गना म्हणेल. आम्ही नोकरीत असंख्य आदेश वाचले व लिहिले. तरतूद नसताना काढलेला आदेश दोन प्रकारचा असतो. एक केवळ तोंड चुकविण्यासाठी. दुसरा, तो वाचून माणसे कामाला लागावीत आणि त्या कामातून तरतूद उभी राहावी म्हणून. ही सनद दुसऱ्या प्रकारची. हातात पान नसताना ठाम चेहऱ्याने चिंचोके मांडण्याचाच हा प्रकार. सरदारांना कळले, की राजा पळून लपलेला नाही, तो अजून दिल्लीचा विचार करतो आहे. जो मुलूख जिंकाल तो तुमचा, या एका आश्वासनावर कफल्लक राज्याला फौजा मिळाल्या.

परंतु त्या पणाची किंमतही येथेच सांगितली पाहिजे. शिवछत्रपतींनी वतनदारांना आवर घातला होता, रोख पगाराची शिस्त बसविली होती. राजारामांच्या काळात ती शिस्त सुटली. वतने व सरंजाम उदार हस्ते वाटले गेले. मोगलही वतनांचे आमिष दाखवीत होते, तेव्हा दुसरा उपाय नव्हता, हे आम्ही मान्य करतो. पण त्यातून जे सरंजामदार निर्माण झाले, त्यांना पुढे एका सूत्रात बांधणे कोणालाही पुरतेपणी जमले नाही. ज्या रामचंद्रपंतांच्या हातून हे वाटप झाले, त्यांनीच आपल्या उतारवयात लिहिलेल्या आज्ञापत्रात वतनदारांच्या लोभापासून राज्याला असलेला धोका तपशिलाने सांगितला आहे. स्वतः खेळलेल्या डावाचा हिशेब इतक्या प्रामाणिकपणे मांडणारे लेखक थोडेच.

दुसरे नुकसान संताजीचे. पराक्रमाने उंचावलेला हा सेनापती तितकाच कठोर आणि स्पष्टवक्ता. राजा व सेनापती यांचे बिनसले, धनाजीशी वैर वाढले, आपसांत तलवारी चालल्या आणि जून १६९७ मध्ये नागोजी माने याच्या हातून संताजी मारला गेला. हलक्या पानांच्या डावात हाती लागलेला एकुलता एक हुकमाचा एक्का मराठ्यांनी स्वतःच गमावला. राजारामांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत मोठी चूक होय, असे आमचे मत आहे, आणि तिला परिस्थितीचे पांघरूण घालता येत नाही.

*

१६९८ च्या आरंभी जिंजी पडली. झुल्फिकारखानाने वेढा मुद्दामच लांबविला, असा संशय त्या काळीही घेतला जात होता. पण किल्ला मोगलांच्या हाती आला तेव्हा आत राजा नव्हता. मोगल छावणीतीलच शिर्क्यांच्या साहाय्याने तो आधीच निसटला होता. आठ वर्षांच्या वेढ्याचे फळ म्हणजे एक रिकामा किल्ला. महाराज विशाळगडावर आले, १६९९ मध्ये साताऱ्यास राजधानी झाली, आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. डाव संपला असे औरंगजेबास वाटले असेल. ताराबाईंनी तो उचलला.

आता ऐंशी ओलांडलेला बादशाह स्वतः एकेक किल्ला घ्यावयास निघाला. साताऱ्याच्या वेढ्यात त्याने पेरलेल्या सुरुंगाचा ढिगारा त्याच्याच माणसांवर कोसळून सुमारे दोन हजार माणसे गाडली गेली; अखेर एप्रिल १७०० मध्ये किल्ला वाटाघाटीने मिळाला. १७०१ साली पन्हाळा, १७०२ साली विशाळगड, १७०३ साली सिंहगड, १७०४ साली राजगड व तोरणा. यांतील बहुतेक किल्ले किल्लेदारांना रक्कम मोजून मिळाले. हल्ला चढवून घेतलेला म्हणून तोरण्याचेच नाव घेतले जाते. किल्लेदार पावसाळ्यापर्यंत लढवीत, मग रक्कम घेऊन गड खाली करीत. बादशाही फौज चिखल तुडवीत पुढल्या गडाकडे गेली, की त्याच पैशाने उभारलेल्या शिबंदीनिशी मागचा गड परत घेण्याची तयारी सुरू होई. विशाळगड घेऊन पन्हाळ्याकडे परतताना सुमारे ३० मैलांच्या वाटेला बादशाही लष्कराला ३८ दिवस लागले. नदीनाल्यांना पूर, गुरे मेलेली, सामान वाहून गेलेले.

येथे भाच्याने शिकविलेल्या खेळात आणि इतिहासात एक फरक आहे. पोकरमध्ये वाढत्या मांडणीचा भार ज्याच्याकडे थोडे चिंचोके त्याला आधी मारतो. दख्खनच्या पटावर तो भार जास्त चिंचोकेवाल्याला मारीत होता. लाखो माणसांची फिरती छावणी, तिचा रोजचा दाणागोटा, उत्तरेतून येणारा खजिना, वर्षानुवर्षे थकलेले पगार. बादशाहला बसून राहणेही महाग आणि उठणेही अशक्य. मराठी स्वाराला घोडा, भाला आणि कमरेला बांधलेली भाकर पुरत होती. अर्थात मुलखातील रयतेने जे सोसले, तेही विसरता कामा नये. दोन्ही फौजांनी तुडविलेली शेते, दुष्काळ, साथी. त्या सामान्य माणसांच्या हाती तर पानेच नव्हती. त्यांची सक्तीची मांडणी मात्र दर फेरीला होत होती.

१७०५ मध्ये आजच्या यादगीर जिल्ह्यातील वाकिनखेडा हा बेरड नायकाचा किल्ला घेण्यात बादशाहने अखेरची मोठी मोहीम खर्ची घातली. नायक निसटला तो निसटलाच. मार्च १७०७ मध्ये अहमदनगरच्या तळावर औरंगजेब मरण पावला. पंचवीस वर्षांत एकही निर्णायक लढाई न हरता तो हरला होता. मराठ्यांनीही अशी एकही लढाई जिंकली नव्हती. तो उठला तेव्हा ते पटावर होते, इतकेच.

*

राजाराम महाराजांविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. शिवछत्रपतींचा पराक्रम, संभाजी महाराजांचे बलिदान, ताराबाईंचे तेज यांच्यामध्ये त्यांची अकरा वर्षे झाकून जातात. 'दुबळा', 'मंत्र्यांच्या हातातला', 'जिंजीला पळालेला' ही विशेषणे आम्ही शाळेत ऐकली व मोठेपणी विचार न करता वापरली. त्यांची प्रकृती दुबळी होती, मंत्र्यांवर त्यांची भिस्त होती आणि ते जिंजीला गेले, हे तिन्ही खरे. पण नाजूक प्रकृतीचा एकोणीस वर्षांचा राजा स्वतःला सेनापती समजून मैदानात उतरला असता, तर १६८९ सालीच सर्व काही संपले असते. आपल्याहून समर्थ माणसांच्या हाती कारभार देणे आणि स्वतः केवळ जिवंत, मुक्त व दूर राहणे, हे काम त्यांना दिले गेले होते. संताजीच्या बाबतीतील चूक वगळता ते त्यांनी चोख केले. थोर पुरुषांच्या यादीत त्यांचे नाव घालावे, असा आमचा आग्रह नाही. मात्र 'पळाले' हा शब्द मागे घ्यावा, असे आम्हाला वाटते.

हे लिहिताना आमचे स्वतःचेही काही मनात येते. नोकरीत एकदा ज्येष्ठतेच्या यादीत आमच्यावर अन्याय झाला. आम्ही रागाच्या भरात सर्व बाजूंनी लढाई पुकारली. अर्ज, प्रत्यर्ज, न्यायालय. मधली सात वर्षे कडवटपणात गेली आणि हाती काही आले नाही. त्याच यादीत मागे पडलेला आमचा एक सहकारी मुकाट्याने काम करीत राहिला, एकच नेमका अर्ज योग्य वेळी दिला, आणि आमच्या आधी वर गेला. त्या वेळी आम्ही त्याला भित्रा म्हटले होते. तोही शब्द आज मागे घेतो.

आपल्यापैकी कित्येक घराणी या भागात कशी आली, याच्या कथा घरोघरी वेगळ्या आहेत. कोणी पटवर्धनांच्या फौजेबरोबर, कोणी कारकुनी करीत, कोणी व्यापारासाठी. पण मराठी माणसाचे या मुलखात कायमचे पाऊल रोवण्यास त्या जिंजीच्या धावपळीतील येण्याजाण्याचाही हातभार लागला. गजेंद्रगड आणि सोंडूर येथील घोरपडे घराणी ही त्याचीच साक्ष. विजयी फौजांच्या कितीतरी आधी, अंधारात वाट शोधणारी काही माणसे येथून गेली होती.

गेल्या कार्तिकात, भाचा परत गेल्यावर, आम्ही वहिनींना घेऊन अण्णिगेरीस गेलो. अमृतेश्वराचे दर्शन घेऊन नवलगुंदच्या वाटेवर गाडी थोडा वेळ थांबविली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, नुकताच उगवलेला हरभरा, दूरवर एक बैलगाडी. खूण अशी काहीच नाही. असणार तरी कशी? लपून जाणाऱ्यांनी खुणा ठेवावयाच्या नसतात. वहिनींना आम्ही सर्व हकीकत सांगितली. त्यांनी थोडा वेळ त्या रस्त्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "त्यांना इथं कोणी भाकरी दिली असेल ना?"

दिली असेलच. नाहीतर ते शिमोग्यापर्यंत पोहोचले नसते.